जुळणीचा आकडा

"काय नाय गो. बरफ होतो तसोच आसा. एक बांगडो पण गावाक नाय," असं दादा रेडिओवर म्हणाला, आणि त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. मीसुद्धा नाही.

विश्वास कसा ठेवणार? आमच्या किनाऱ्यावर रेडिओवरून खरी मासळी सांगणारा बोटीचा तांडेल अजून जन्मायचाय. मासळी ठेवायचा खण काठोकाठ भरला तरी हे लोक गळ्यात रडू आणून सांगणार, डिझेल पण सुटूक नाय. जागा विचारली तर दक्षिणेला असेल तो उत्तर सांगेल. यात कोणाला पाप वाटत नाही. खरं सांगितलं तर तासाभरात दहा बोटी त्याच्या जाळ्यापाशी येऊन उभ्या राहतील, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

त्यामुळे दादाचं बोलणं संपायच्या आत पास्कल फर्नांडिसचा आवाज आला. त्याच्या बोटीचं नाव 'स्टेला'. तो आणि दादा, म्हणजे माझा भाऊ भालचंद्र, शाळेपासून एकमेकांचे वैरी, म्हणजे रोज बोलल्याशिवाय दोघांनाही चैन पडायचं नाही. "भालो नाय म्हणता म्हणजे खण भरलो असतलो," पास्कल म्हणाला. मग आणखी कोणीतरी, "आमका वाटो नको रे, पण खोटा जरा कमी बोल." चॅनलवर हशा पिकला.

"तुमका सांगान काय उपेग," दादा म्हणाला आणि गप्प झाला.

मी हसत होते, कारण माझ्या समोरच्या पडद्यावर 'रवळनाथ'चा, म्हणजे दादाच्या बोटीचा आकडा चारशे एकोणपन्नास होता. रिकाम्या बोटीचा असतो चारशे दहाच्या आसपास. दादा खोटं बोलतोय याचा पुरावाच माझ्यासमोर होता.

हा आकडा काय, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

दोन वर्षांपूर्वी सूर्यावर ते वादळ झालं आणि स्वस्तातले उपग्रह पटापट पडले. जागा दाखवणारे उपग्रह टिकले, पण बोलायचे गेले. जे उरले ते नौदलाला आणि पैसेवाल्यांना. मच्छीमाराला कोण विचारतो? मग सगळ्यांना जुनी लघुलहर आठवली. लघुलहरीला मध्ये उपग्रह लागत नाही. ती वर जाते, आकाशातल्या वीजभारित थरावर आपटते आणि शंभर-दोनशे मैलांवर खाली येते. फुकटचं छप्पर आहे ते. अडचण एकच. त्या लहरीची लांबी पाऊणशे मीटर. तिच्यासाठी नीट अँटेना उभारायची तर निम्म्या लांबीची तार ताणावी लागते. आमची बोट सगळी मिळून पंधरा मीटर. तार काय समुद्रात सोडायची?

त्यावर उपाय म्हणजे कडं. परातीपेक्षा थोडं मोठं तांब्याचं जाड कडं, त्याच्या तोंडाशी कपॅसिटर. कडं आणि कपॅसिटर नेमके जुळले की एवढीशी वस्तू त्या लांबलचक तारेचं काम करते. पण हे जुळणं फार नाजूक. रेडिओच्या पट्टीवर केसाएवढी जागा, तेवढ्यातच ते बोलतं. कोणी जवळून गेलं, दोरखंड हलला, बोट कलली की जुळणी सुटते. पूर्वी कपॅसिटर फिरवायला मोटर असायची. डोलणाऱ्या बोटीवर ती बिचारी दिवसभर पळत राहायची आणि महिन्याभरात खाऱ्या हवेने अडकून बसायची. आता मोटर गेली. त्याऐवजी लहान लहान कपॅसिटरांची रांग असते आणि हजारो व्होल्ट झेलणारे इलेक्ट्रॉनिक खटके त्यातले हवे तेवढे जोडतात आणि सोडतात, सेकंदाला हजार वेळा. लाट येऊन जाईपर्यंत सेटने जुळणी कितीतरी वेळा बदललेली असते. तांडेलाला काही करावं लागत नाही. बटण दाबायचं आणि थापा मारायच्या.

बटण दाबलं की आवाजाच्या आधी सेट एक आकडा पाठवतो: किती कपॅसिटर जोडावे लागले. दुरुस्तीवाल्याला किनाऱ्यावर बसून कळावं, कड्यावर मीठ साचलंय का, यासाठी केलेली ती सोय. बोटीवर तो दिसत नाही. तो फक्त संस्थेच्या खोलीत, माझ्या पडद्यावर येतो.

मी शालन कांदळगावकर, माहेरची कुबल. देवगड आणि मालवण यांच्या मधल्या आमच्या छोट्या बंदरात मच्छीमार संस्थेचा रेडिओ सांभाळते. गणपतीच्या आसपास माझ्या लक्षात आलं, की खण भरला की आकडा चढतो. कडं केबिनच्या टपावर, खण त्याच्या पुढ्यात खाली. ओली खारट मासळी वीज वाहून नेते. ती कड्याजवळ जमली आणि बोटही पाण्यात खाली बसली, की जुळणीला जास्त कपॅसिटर लागतात. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. घरी जाऊन जेवताना नवऱ्याला सांगितलं.

तिथेच माती खाल्ली. माझे यजमान दिगंबर मासळीचे व्यापारी. कोणाचा खण भरलाय हे बोट बंदरात यायच्या आधी कळणं म्हणजे त्यांना लॉटरीच. ते रोज दुपारी डबा द्यायच्या निमित्ताने खोलीत यायला लागले आणि पडद्याकडे बघून जायला लागले. मला कळलं तेव्हा मी भांडले. ते म्हणाले, "शालन, मी कोणाचं चोरतोय का? हवामान बघतो तसं हे बघतो." मी चार दिवस अबोला धरला, मग सोडून दिला. संसार आहे.

त्या दुपारीही ते माझ्या मागे उभे होते. 'रवळनाथ'चा आकडा बघून त्यांनी बर्फाच्या गाडीला फोनसुद्धा लावला.

"भालचंद्राला म्हणावं, आज संध्याकाळीच ये," ते म्हणाले. "सुरमई असणार. एवढं वजन बांगड्याचं नाही."

"तो नाही म्हणतोय."

"तो कधी हो म्हणालाय?"

मी सहज, काही मनात नसताना, सकाळपासूनचे दादाचे आकडे वर काढले. सकाळी हवा विचारली तेव्हा चारशे अकरा. नंतर पास्कलला शिवी घातली तेव्हा चारशे बावीस. जेवणाच्या वेळी पस्तीस. आता एकोणपन्नास. आणि मी हसायची थांबले.

मासळी अशी चढत नाही. मासळी पायऱ्यांनी चढते. जाळं ओढलं की आकडा एकदम उडी मारतो, मग पुढचं जाळं येईपर्यंत तिथेच बसतो. इतर प्रत्येक बोटीचा आलेख तसा होता. दादाची रेघ उतारासारखी सरळ होती, फक्त वरच्या दिशेला.

"अहो, हे बघा," मी म्हणाले.

त्यांनी बघितलं. "बरं मग? थोडं थोडं मिळत असेल."

"जाळं थोडं थोडं ओढतात का?"

ते पडद्यावर आणखी वाकले. समजा दादा खरंच बोलत होता. समजा त्याला खरंच काही मिळालं नव्हतं. मग त्याने सकाळपासून खण उघडलाच नसणार. मासळी नाही तर उघडायचा कशाला, बर्फ वितळायला? इंजिनाची खोली वेगळी, मध्ये पक्की भिंत. ती कोरडी असेल तर बाकी सगळं ठीकच वाटणार. खलाशी रात्रभर जागून आता झोपलेले असणार. आणि बंद झाकणाखाली खणात काहीतरी भरत होतं, सावकाश, न थांबता.

पण खात्री कशी करू? एवढ्यावर खण उघडून बर्फ वितळवायला सांगितलं असतं तर दादाने मला वेड्यात काढलं असतं. आणखी आकडे हवे होते. आकडा येतो बटण दाबल्यावर, आणि दादा तर रुसून गप्प बसला होता.

मी हाक मारली. "रवळनाथ, रवळनाथ, दादा." उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. सेट चालू होता हे मला माहीत होतं. ऐकत बसला होता. मला माझा भाऊ माहीत आहे. चिडला की तो तोंडाला कुलूप लावतो, आणि ते कुलूप उघडायची किल्ली एकच: त्याला आणखी चिडवायचं.

आमची आई गेल्या वर्षापासून माझ्याकडे असते. वहिनीचं आणि तिचं पटेना म्हणून आली. दादा तेव्हापासून माझ्या उंबऱ्यावर आला नाही. ही गोष्ट आम्ही घरातही बोलत नव्हतो. ती मी सगळ्या बोटी ऐकत असताना काढली.

"दादा, आवशीक बघूक कधी येतलंस?"

चॅनलवरची कुजबुज थांबली. मग खरखर झाली आणि पडद्यावर आकडा उमटला. चारशे चोपन्न.

"ही काय बोलूची जागा आसा?" दादाचा आवाज.

"मगे खंय बोलू? घराक तू येणंस नाय, फोन उचलणंस नाय."

चारशे पंचावन्न. "तुझ्या वयनीन काय काय सोसल्यान ता तुका म्हायत नाय."

"आवस रोज दाराकडे बघत बसता. तिका काय सांगू? झिल समुद्रात हरवलो म्हणान सांगू?"

मी बटण सोडलं आणि आकड्याची वाट बघू लागले. आई खरंच दाराकडे बघत बसते. खोटं त्यात काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं असणार.

चारशे अठ्ठावन्न. "शाले," तो म्हणाला, एकदम हळू, "तुका झाला काय आज?"

भांडण चालू असताना कोणी जाळं ओढत नाही. तरी आकडा चढतच होता, आणि आता सकाळपेक्षा भराभर. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते मिळायला नको होतं.

मी पुन्हा बटणाकडे हात नेला तर दिगंबरांनी तो धरला. "काय सांगणार आहेस?"

"खणात पाणी आहे ते."

"कशावरून कळलं विचारतील. काय सांगशील?"

"जे आहे ते."

"सगळे तांडेल ऐकतायत, शालन. उद्यापासून मला एक बोट माल देणार नाही. तुझी नोकरी जाईल. त्याला नुसतं सांग की स्वप्न पडलं, आई म्हणाली, काहीही सांग. आकड्याचं बोलू नकोस."

"स्वप्नासाठी तो उठणार आहे का? माझा भाऊ आहे तो!"

वाईट माणूस नाही माझा नवरा. त्या क्षणी घाबरलेला होता, इतकंच. त्यांनी हात सोडला, पण खुर्चीवर बसले नाहीत. दाराकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

मी बटण दाबलं. "दादा, ऐक. खण उघड. आता उघड. तुझ्या खणात मासो नाय, पाणी आसा."

"तुका खंयसून दिसता?"

"तुमी बटण दाबलात की सेटचो आकडो हय माझ्या पडद्यार येता. खण भरलो की आकडो चढता. तुझोच नाय, सगळ्यांचो येता. गणपतीपासून मी बघतंय. आज तुझो सकाळधरून चढता आणि थांबणा नाय. मासळी असली तर थांबलो असतो. उघड, दादा."

मग पास्कल बोलला, सावकाश, एकेक शब्द मोजून. "म्हणान दिगंबर आमच्या आधी बंदरार उभो रवता."

आणि दादा. चारशे चौसष्ट. "तू आणि तुझो घोव," एवढंच म्हणाला आणि सेट बंद केला. बंद केल्याचा आवाज वेगळा येतो. मला तो ओळखता येतो.

आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. आकडा नाही, आवाज नाही. त्याने रागाने सेट बंद केला की खण उघडायला गेला, हेही कळायला मार्ग नव्हता. पास्कल, आणखी दोघे, सगळे माझ्यावर बोलत होते, आणि जे बोलत होते ते मी इथे लिहीत नाही. मी ऐकून घेतलं. मध्ये मध्ये 'रवळनाथ, रवळनाथ' करत राहिले. दिगंबर दारातून परत आले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

मग खरखर झाली.

"शाले. खण तोंडापर्यंत भरलो आसा. बरफाचे खोके तरंगतत."

मी विचारलं, "पंप?"

"लावलो. पुरणा नाय. खालचो सांधो फुटलो दिसता. पहाटे कायतरी घासलेला, माका वाटला ओंडको असतलो." मागे खलाशांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "बोट पुढे बसूक लागली."

"जागा सांग. यंत्रार बघून सांग."

त्याने सांगितली. देवगडच्या वायव्येला, सकाळी सगळ्यांना सांगितलेलीच. मी लिहून घेतली, आणि तिकडच्या बोटींना वळायला सांगणार तोच त्याचा आवाज पुन्हा आला, घाबराघुबरा. "नाय, थांब. ता खोटा. ता खोटा सांगितलंय."

बोट बुडत होती आणि त्याच्या तोंडातून सवयीने तीच थाप बाहेर पडली. नंतर त्याने खरे आकडे वाचले. मी नकाशावर बोट ठेवलं. पार दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्या समोर, खोल पाण्यात. तिथे आमची एकही बोट नव्हती. म्हणजे सकाळी जिने तिने जी जागा सांगितली होती तिच्याप्रमाणे नव्हती. तटरक्षक दलाला मी कळवलं. त्यांना यायला बराच वेळ लागणार होता.

"तांडेलांनू," मी चॅनलवर म्हणाले, "आता तरी खरा सांगा. दादाच्या जवळ कोण आसा?"

कोणी बोलेना. बोलणं म्हणजे आपली राखलेली जागा सगळ्यांसमोर उघडी करणं. शेवटी आवाज आला तो पास्कलचा. सकाळी त्याने मालवणच्या बाजूला असल्याचं सांगितलं होतं.

"भाल्या, मी तुझ्या दक्षिणेक आसंय. तुझी डोलकाठी दिसता माका सकाळपासून. जाळा कापून येतंय. टायरी बांधून पोरांका पाण्यात सोड, बोटीचा नाद करू नको."

दादा काहीतरी बोलला. आकडा आला पाचशे दोन. त्याच्या पुढच्या वेळी आकडाच आला नाही. पडद्यावर क्षीण लहरीवरून नुसतं 'जुळणी नाही' असं उमटलं आणि त्यामागे आवाज नव्हता. सेटने सगळे कपॅसिटर लावून बघितले असणार आणि तेही पुरू नयेत इतकं पाणी कड्याजवळ आलं असणार. मी त्या तीन अक्षरांकडे आणि त्या 'नाही'कडे बघत बसले. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. दिगंबरांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

पास्कलचा आवाज आला तेव्हा तो धापा टाकत होता. "शालन बाय, पाचय जण गावले. भालो पण. बोट गेली."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

संस्थेची सभा आठवड्याभरात भरली. सगळे तांडेल आले. दिगंबरांनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन हात जोडले होते. काहींनी दारात उभं केलं नाही. सभेत ते मागे भिंतीला टेकून बसले. मला वाटलं होतं मला काढून टाकतील. त्याबद्दल कोणी बोललंच नाही. मागणी एकच होती: तो आकडा येणं बंद करा.

मी उठून बोलले. माझ्या परीने नीट बोलले. आकडा लपवू नका, उलट सगळ्यांना दिसू द्या, कोणा एकाला फायदा नको, पण पाच माणसं आज इथे बसली आहेत ती त्या आकड्यामुळे. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. बंद करा म्हणणारा पहिला हात दादाचा होता.

त्यानंतर बाकीचे हात वर गेले. पास्कलचाही.

सभा सुटल्यावर मी दादाला जिन्यात गाठलं. त्याच्या कपाळावर अजून पट्टी होती. "तू?" मी म्हणाले. "तू तरी हात वर करूचो नाय होतो."

त्याने कठडा धरला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. "शाले, तू माका वाचवलंस," तो म्हणाला. "ता मी मरासर इसरूचंय नाय. पण वाचवलंस म्हणान माझा सगळा तुका दिसूकच होया काय?"

मी तशीच वळून खोलीत गेले आणि प्रत्येक बोटीच्या सेटमधली ती सोय एकेक करून बंद केली. पडद्याची उजवी बाजू रिकामी झाली. त्या संध्याकाळी दादा आईला भेटायला आला, माझ्याशी न बोलता तिच्याजवळ बसला आणि चहा पिऊन गेला.

आता दुपारचं हवामान सांगून झाल्यावर मी एकेका बोटीला हाक मारते आणि विचारते, खण उघडून बघितलास काय. सुरुवातीला शिव्या मिळाल्या. मासळी किती, हे काढून घ्यायचा डाव आहे म्हणाले. मी म्हटलं, मासळी किती ते नका सांगू, तळ सुका आहे की नाही तेवढंच सांगा. हळूहळू सांगायला लागले, कंटाळून का होईना.

दादा आता दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून जातो. त्याने कित्येक दिवस उत्तर दिलं नाही. मी रोज हाक मारायचे, थांबायचे आणि पुढच्या बोटीकडे जायचे. एका दुपारी अशीच थांबले असताना पास्कल मध्येच म्हणाला, "अरे सांग तिका. तेवढ्यान तुझी सुरमई पळान जाणा नाय."

खरखर झाली. पडद्यावर काही आलं नाही, आता काही येत नाही.

"बघितलंय," दादा म्हणाला. "सुको आसा."

बघितलं असेल किंवा नसेल. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि पुढच्या बोटीला हाक मारली.